दिलेलं आणि धरलेलं

सर्व आंबे फळं आहेत. काही फळं आंबट असतात. यावरून काही आंबे आंबट असतात, असं म्हणता येईल का?

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की ‘हो’साठी भराभर हात वर होतात. साहजिकच आहे. तिखटमीठ लावून कैरीची फोड न खाल्लेला माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. पण वरच्या दोन विधानांत कैरी कुठेच नाही. आंबट असलेली ती ‘काही फळं’ आवळे असतील, लिंबं असतील, चिंचा असतील. त्यांत आंबा आहेच, असं ही विधानं सांगत नाहीत. निष्कर्ष खरा आहे, पण तो इथून निघत नाही. आता दुसरा नमुना घ्या. सर्व दगड पक्षी आहेत. सर्व पक्षी पुस्तकं आहेत. म्हणून सर्व दगड पुस्तकं आहेत. तिन्ही वाक्यं धादांत खोटी आणि अनुमान मात्र चोख. परीक्षेत दगडांना बरोबरची खूण करायची आणि आंब्यांना फुली मारायची.

तर्काच्या प्रश्नांचा सराव म्हणजे मुख्यतः याच गोष्टीचा सराव. प्रश्नात दिलेलं काय आहे आणि आपण मनाने धरलेलं काय आहे, हे दोन्ही वेगवेगळं ठेवता आलं पाहिजे. बैठक व्यवस्था असो, नातेसंबंध असोत, रांगेतला क्रम असो, चुकलेली उत्तरं तपासत बसलं की पुन्हा पुन्हा तेच दिसतं. मुलाचा विचार गडबडलेला नसतो. त्याने वाचताना एक जास्तीची गोष्ट गुपचूप आत घेतलेली असते आणि पुढचा सगळा नीट विचार त्या जास्तीच्या गोष्टीवर उभा राहिलेला असतो. या संग्रहातल्या प्रश्नांकडे वळण्याआधी एवढ्या एका मुद्द्यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण बाजारातली बहुतेक पुस्तकं तो एका ओळीत उरकून सूत्रांकडे धावतात.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राला दगडांची पुस्तकं झालेली मुळीच चालली नसती. नैयायिकाचं अनुमान पाच पायऱ्यांनी जातं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. यातली तिसरी पायरी पाहण्यासारखी आहे. नुसता नियम सांगून सुटका नाही, सगळ्यांनी पाहिलेली चूल दाखवावी लागते. तिथे अनुमान हे प्रमाण आहे, खऱ्या ज्ञानाचं साधन आहे, त्यामुळे त्यातून खोटं निघून भागत नाही. स्पर्धा परीक्षेतला ‘विधाने व निष्कर्ष’ हा प्रकार मात्र ॲरिस्टॉटलच्या घराण्यातला. तिथे विधानाचा आकार आणि विधानाचा खरेपणा यांची खाती वेगळी. हे आकार वर्तुळं काढून तपासण्याची रीत जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये मांडली आणि आज ती शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरालाही येते. वेडगळ विधानांची हौस लुईस कॅरललाही होती. ‘ॲलिस’चा हा लेखक ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचा आणि मुलांना तर्क शिकवण्यासाठी त्याने पट आणि सोंगट्यांचा एक खेळच काढला होता.

वेडगळ विधानांचा फायदा असा की तिथे आपला अनुभव मध्ये लुडबुड करत नाही. दगड पक्षी असतात का, हे कोणी स्वतःला विचारत बसत नाही. निमूटपणे वर्तुळं काढतो. खरी कसोटी शहाण्यासुरत्या विधानांची. ‘सर्व पोलीस शूर आहेत’, ‘काही शेतकरी कर्जबाजारी आहेत’ अशी वाक्यं आली की माणूस पेन ठेवून मत द्यायला लागतो. म्हणून सरावाची सुरुवात दगड-पक्ष्यांपासून करावी आणि हात बसला की शेतकऱ्यांकडे यावं. उलट्या क्रमाने शिकवलेलं टिकत नाही.

इथे दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण त्या वर्तुळांत दिसत नाहीत. एक म्हणजे ‘काही’. रोजच्या बोलण्यात ‘वर्गातली काही मुलं पास झाली’ म्हटलं की बाकीची नापास झाली, असं आपण समजतो. परीक्षेत तसं समजायचं नाही. तिथे ‘काही’ म्हणजे निदान एक. सगळी असली तरी वाक्य खोटं ठरत नाही. दुसरी गोष्ट, ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ हा निष्कर्ष आपल्या परीक्षांत बरोबर धरतात. आधुनिक तर्कशास्त्र याला आक्षेप घेतं, कारण अ नावाची एकही वस्तू जगात नसेल तर काय, असं ते विचारतं. आक्षेप रास्त आहे, पण परीक्षेच्या खोलीत तो काढू नये.

या प्रश्नांना आपण सर्रास बुद्धिमत्ता चाचणी म्हणतो आणि त्या नावाने पुष्कळ पोरं आधीच खचतात. ‘गणित-बुद्धिमत्ता आपल्याला जमत नाही’ हे वाक्य अभ्यासिकेत जितक्या सहज ऐकू येतं, तितक्या सहज ‘आपल्याला इतिहास जमत नाही’ असं ऐकू येत नाही. इतिहास पाठ करता येतो आणि बुद्धी जन्माला येताना मिळते, असा हिशेब त्यामागे असतो. या चाचण्यांचा उगम पाहिला तर तो हिशेब कोलमडतो. आल्फ्रेड बिने याने पॅरिसमध्ये १९०५ साली पहिली मापनश्रेणी तयार केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत देण्यासाठी. बुद्धी ही कायमची ठरलेली मात्रा आहे, या म्हणण्यावर तो उखडायचा. लक्ष, स्मरण आणि निर्णय यांचा व्यायाम घेऊन मुलं सुधारतात, असं त्याचं सांगणं होतं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लाखो सैनिकांची चाळणी लावायला एकाच वेळी शेकडोंना देता येतील असे पेपर काढले आणि मदतीचं साधन निवडीचं साधन झालं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून माहीत असतं. भरतीच्या पेपरात येणारे प्रश्न या घराण्यातले असले तरी फार लांबचे. वीस मिनिटांत पस्तीस प्रश्न सोडवणं हे बुद्धीचं माप नाही. ते कसब आहे आणि कसब हाताला लागतं.

वीस आणि पस्तीस हे आकडे आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या पूर्वपरीक्षेचे. म्हणजे एका प्रश्नाला चौतीस सेकंद. पोलीस शिपाई भरतीचा लेखी पेपर शंभर गुणांचा, नव्वद मिनिटांचा, आणि अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण यांच्या जोडीने त्यात बुद्धिमत्ता चाचणी असते. २०२३ च्या तलाठी भरतीत दोन तासांत शंभर प्रश्न होते, त्यातले पंचवीस बौद्धिक चाचणीचे. लोकसेवा आयोगांची गोष्ट थोडी निराळी. यूपीएससीने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कलचाचणीचा दुसरा पेपर आणला, त्यावरून २०१४ मध्ये दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०१५ पासून तो पेपर फक्त पात्रतेपुरता राहिला: दोनशेपैकी सहासष्ट, म्हणजे तेहतीस टक्के. एमपीएससीनेही पुढे तोच मार्ग धरला. तेव्हापासून ‘सीसॅट काय, निघून जाईल’ असं म्हणणारी एक जमात पुण्याच्या पेठांतून तयार झाली आहे. सामान्य अध्ययनात भरघोस गुण आणि दुसऱ्या पेपरला सहासष्टच्या आत, अशी गत झालेली मुलं निकालानंतर त्याच अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर परत येऊन बसतात. पात्रतेचा पेपर म्हणजे सोपा पेपर, हेही त्यांनी स्वतःच धरलेलं असतं.

आता एक कोडं जवळून पाहू. नमुना मुद्दाम साधा घेतला आहे.

अमोल, बाबू, चंदा, दिनेश, इला आणि फिरोज हे सहा जण उत्तरेकडे तोंड करून एका बाकावर बसले आहेत. चंदा अमोलच्या उजवीकडे तिसरी आहे. बाबू एका टोकाला आहे. इला दिनेशच्या लगेच डावीकडे आहे. फिरोज बाबूच्या शेजारी नाही.

नवखा मुलगा सहा आडव्या रेघा मारतो. इथवर ठीक. मग पहिल्या रेघेवर अमोलला बसवतो, कारण त्याचं नाव आधी आलं. चंदा चौथी. पहिली जागा गेलेली, म्हणून बाबू सहावा. इला आणि दिनेश ही जोडी दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर. उरली पाचवी जागा आणि उरला फिरोज. तेवढ्यात शेवटची अट आडवी येते: फिरोज बाबूला खेटून बसला आहे. मग खाडाखोड. अमोलला हलवावं की बाबूला, हे कळेना. दोन मिनिटं गेली, कागद काळा झाला आणि ‘हा प्रश्न चुकीचा दिसतोय’ असा शेरा. प्रश्न बरोबर आहे. अमोल पहिला, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, एवढंच.

सरावलेला माणूस नाव बसवण्याआधी शक्यता मोजतो. अमोल आणि चंदा यांच्यात तीन घरांचं अंतर, म्हणजे जागा एक-चार, दोन-पाच किंवा तीन-सहा. चौथं काही नाही. बाबू टोकाला, म्हणजे एक किंवा सहा. एक-चार असेल तर बाबूला सहावीच जागा. तीन-सहा असेल तर पहिलीच. दोन-पाच असेल तर दोन्ही टोकं मोकळी. झाले चार फाटे. चारही एकाखाली एक लिहायचे, प्रत्येकात सहा रेघा. लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमकं तेच वाचवायला पोरं जातात. इला-दिनेश जोडीला लागून दोन जागा हव्यात. चारही फाट्यांत अशी जागा एकेकच आहे. फिरोज उरलेल्या जागी. आता शेवटची अट लावा. एक-चारमध्ये फिरोज पाचवा, बाबू सहावा: बाद. तीन-सहामध्ये बाबू पहिला, फिरोज दुसरा: बाद. उरलेले दोन्ही फाटे जिवंत:

बाबू, अमोल, इला, दिनेश, चंदा, फिरोज.
फिरोज, अमोल, इला, दिनेश, चंदा, बाबू.

म्हणजे मांडणी पूर्ण ठरली नाही. पण किती ठरली ते पाहा. मधले चौघं दोन्हीकडे तेच. अमोल आणि चंदा यांच्यामध्ये कोण, असं विचारलं तर इला आणि दिनेश, हे ठाम सांगता येतं. चंदाच्या उजवीकडे कोण, असं विचारलं तर माहिती अपुरी. ‘फिरोज इलाच्या डावीकडे आहे’ अशी आणखी एक अट मिळाली की दुसरा फाटा तेवढा राहतो. बँकेच्या परीक्षेत एकाच मांडणीवर पाच प्रश्न असतात आणि पाचही प्रश्नांना पूर्ण मांडणी लागतेच असं नाही. अर्धवट सुटलेल्या मांडणीवर दोन-तीन प्रश्नांची उत्तरं खात्रीने देऊन पुढे जाणारा माणूस, हट्टाला पेटून पूर्ण सोडवणाऱ्याच्या पुढे निघून जातो.

तोंड दक्षिणेकडे असेल तर कागदावर डावं-उजवं उलटतं. गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेल्यांचा डावा हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतो, बाहेर तोंड असलेल्यांचा उलट. समोरासमोरच्या दोन रांगा आल्या की मी मुलांना पंगत आठवायला सांगतो. वाढपी आपल्या डावीकडून येत असला तर समोरच्या ओळीला तो उजवीकडून येताना दिसतो.

या सगळ्या मांडणी-कोड्यांचं एक प्रसिद्ध पूर्वज आहे. पाच रंगांची पाच घरं, पाच देशांचे पाच रहिवासी, प्रत्येकाचा वेगळा प्राणी, वेगळं पेय, वेगळी सिगारेट; झेब्रा कोणाचा आणि पाणी कोण पितो? ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात ते डिसेंबर १९६२ मध्ये छापून आलं. बँकेच्या पेपरातली ‘आठ मजली इमारत, आठ जण, आठ मोबाइल’ ही त्याचीच नातवंडं. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ते कोडं आइन्स्टाइनने लहानपणी रचलं आणि जगातल्या दोन टक्के लोकांनाच सुटतं, असं ठोकून दिलेलं असतं. आइन्स्टाइनचा जन्म १८७९ चा. कोड्यात ज्या सिगारेटी आहेत त्यांतल्या कूल आणि पार्लमेंट या १९३० नंतर बाजारात आल्या. निष्कर्ष वाचकांनी काढावा. वर्तुळंही लागणार नाहीत.

नातेसंबंधांच्या प्रश्नांत धरलेलं सर्वांत जास्त, कारण नाती घरातलीच. एका बाईकडे बोट दाखवून रमेश म्हणतो, ‘तिच्या आईचा एकुलता एक मुलगा माझे वडील आहेत.’ ती त्याची कोण? सुरुवातीपासून वाचत गेलात तर ‘तिची आई’, ‘आईचा मुलगा’ करत गुंता वाढतो. ‘माझे’ या शब्दापासून मागे या. माझे वडील, त्यांची आई, तिची मुलगी: आत्या. इथवर कोणीही पोचतं. फसगत होते ती किरण, शशी अशा नावांनी किंवा नुसत्या प आणि क या अक्षरांनी. किरण मुलगा की मुलगी, हे प्रश्नात नसताना आपण आपल्या ओळखीच्या किरणवरून ठरवून टाकतो. प हा क चा भाऊ आहे, एवढ्यावरून क हा प चा भाऊ की बहीण, हे कळत नाही. उत्तरात ‘सांगता येत नाही’ हा पर्याय हे ओळखणाऱ्या माणसासाठीच ठेवलेला असतो.

आणखी एक गंमत. आत्याच्या मुलाची बायको आपली कोण? परीक्षेत उत्तर वहिनी. पण मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरातलं पोर गालातल्या गालात हसतं, कारण त्याच्या घरी आत्याची सून म्हणजे त्याची सख्खी बहीण असू शकते. प्रश्न काढणाऱ्याने दोन माणसांत एकच नातं असणार, असं गुपचूप धरलेलं असतं. धरलेलं नेहमी विद्यार्थ्याच्याच बाजूचं असतं असं नाही.

ही तक्रार मला मालिका आणि ‘विसंगत घटक ओळखा’ या दोन प्रकारांबद्दल जास्त गंभीरपणे करायची आहे. वर्तुळावर एक, दोन, तीन असे बिंदू वाढवत जा आणि प्रत्येक वेळी सगळे बिंदू एकमेकांना सरळ रेघांनी जोडा, पण तीन रेघा आत कुठे एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशा बेताने. वर्तुळाचे तुकडे पडतात ते १, २, ४, ८, १६. पुढचा आकडा ३२ असं कोणीही म्हणेल. सहाव्या बिंदूला प्रत्यक्षात ३१ तुकडे पडतात. पाच संख्या देऊन सहावी विचारणं म्हणजे तर्काने बांधलेलं उत्तर मागणं नव्हे. सोप्यातला सोपा नियम कोणता, हे प्रश्न काढणाऱ्याच्या नजरेने ओळखणं आहे. विसंगत घटकात तर चारपैकी तीन पर्यायांना कारण सापडू शकतं. उत्तरतालिका जाहीर झाल्यावर हरकतींचा पाऊस पडतो, काही प्रश्न रद्द होतात, तो प्रकार उगाच होत नाही. तरीही हे प्रश्न पेपरात आहेत, म्हणून या संग्रहातही आहेत. त्यांच्यासाठी एकच सांगणं: फरक काढा, फरकांचा फरक काढा, गुणोत्तर पाहा, वर्ग-घन पाहा, एकाआड एक अशा दोन मालिका आहेत का पाहा, आणि एवढ्यात काही दिसलं नाही तर सोडा. तिथे कुढत बसण्यासारखं काही नाही.

दिशा, घड्याळ, दिनदर्शिका, सांकेतिक भाषा यांवर फार बोलायला नको. तिथे थोडं पाठांतर आहे आणि ते करून टाकावं. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक लक्षात ठेवायला सगळे ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५ असं घोकतात. उलट क्रमाचं अक्षर हवं तर २७ मधून वजा. दोन्ही काटे चोवीस तासांत बावीस वेळा एकमेकांवर येतात. शतकाचा शेवटचा दिवस मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार असू शकत नाही. २०१५ ची दिनदर्शिका जपून ठेवली असेल तर २०२६ ला वार जसेच्या तसे जुळतात. दिशांच्या प्रश्नांत सावली आली की सकाळची पश्चिमेला, संध्याकाळची पूर्वेला. शेताच्या बांधावर वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, फ्लॅटमध्ये वाढलेल्याला सांगावं लागतं.

पाठांतर तेवढ्यावर थांबलं तर बरं. आता ते सगळ्याच प्रकारांत शिरलं आहे. ‘पाच सेकंदांत उत्तर’ अशा नावाचे व्हिडिओ मुलं जेवताना पाहतात आणि प्रत्येक प्रकाराची एकेक ट्रिक वहीत उतरवतात. ट्रिक वाईट नसते. ती कुठे लागू पडत नाही, हे सांगायचं राहून जातं. उदाहरण रांगेचं. समीर पुढून बारावा, नेहा मागून अठरावी, दोघांच्या मध्ये पाच जण. रांगेत एकूण किती? ट्रिकवाला तिन्हींची बेरीज करतो आणि पस्तीसवर खूण करतो. पण समीर पुढे आणि नेहा मागे, असं प्रश्नात म्हटलंय कुठे? रांगेत तेवीसच जण असतील तर मागून अठरावी म्हणजे पुढून सहावी, समीर बारावा, मध्ये सातव्यापासून अकराव्यापर्यंत पाच जण. तेही बरोबर. म्हणून उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’. सूत्राच्या पोटात एक गृहीतक असतं आणि सूत्र पाठ करणाऱ्याला ते कधी भेटतच नाही.

सराव कसा करावा, यावर मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. दिवसाला शंभर प्रश्न सोडवल्याचं कौतुक अभ्यासिकेत फार चालतं. शंभर प्रश्न सोडवून उत्तरं जुळवली, इतके बरोबर इतके चूक असं लिहिलं आणि पान उलटलं, तर त्या शंभरांतून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा पंधरा सोडवावेत आणि चुकलेल्यांपाशी थांबावं. चुकांची वेगळी वही असावी. तीत प्रश्न उतरवून काढायची गरज नाही. चूक कुठल्या वाक्यापाशी झाली, ते वाक्य लिहावं आणि त्यापुढे आपण काय धरलं होतं ते लिहावं. ‘टोकाला म्हणजे डाव्या टोकाला धरलं.’ ‘किरणला मुलगी धरलं.’ ‘दोघांच्या मध्ये तीन म्हणजे तिसरा धरला.’ थोड्याच दिवसांत लक्षात येतं की आपल्या चुका फारशा वेगवेगळ्या नसतात. त्याच दोन-तीन सवयी निरनिराळे वेश घालून येतात. चुकलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवावा. आणि शक्य असेल तर शेजारच्या मित्राला तोंडी समजावून सांगावा. उत्तर बरोबर आलेलं असतानाही ‘हे कशावरून?’ असं त्याने विचारलं की आपण अडखळतो, आणि धरलेलं नेमकं तिथेच उघडं पडतं.

घड्याळ लावायची घाई नको. नवा प्रकार शिकताना वेळ मोजणं म्हणजे चुकीची सवय वेगाने पक्की करणं. मांडणी चुकेनाशी झाली की मग वेळ लावावी, आणि तेव्हा मात्र कठोरपणे लावावी.

बऱ्याच परीक्षा संगणकावर गेल्यापासून काही जुन्या युक्त्या निकामी झाल्या. आरशातली प्रतिमा शोधायला पूर्वी पोरं प्रश्नपत्रिकेचं पान उलटून उजेडाकडे धरायची आणि मागून उमटलेली आकृती पाहायची. पडद्यावर ते जमत नाही. अटींखाली रेघा मारता येत नाहीत, वापरलेली अट खोडता येत नाही. म्हणून घरी सराव करतानाही प्रश्न मोबाइलवर किंवा संगणकावर ठेवावा आणि कच्चं काम वेगळ्या कागदावर करावं. अटी आद्याक्षरांत उतरवून घ्याव्यात आणि वापरून झालेल्या अटीपुढे टिंब द्यावं. कच्च्या कामाला मिळणारा कागद मोजकाच असतो, तेव्हा चार फाटे बोटभर जागेत बसवण्याची सवयही सरावाचाच भाग.

अंदाजाने उत्तर द्यावं का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. भावनेऐवजी हिशेब करावा. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा, ही यूपीएससीची रीत. तिथे डोळे मिटून खूण केली तर सरासरीने फायदा शून्य, तोटाही शून्य. पाच पर्याय आणि पाव गुण वजा असेल तरी हिशेब शून्यच येतो. आकडे ठरवणाऱ्यांनी ते विचार करूनच ठरवलेले दिसतात. पण एक जरी पर्याय खात्रीने बाद करता आला तर पारडं आपल्या बाजूला झुकतं. बैठक व्यवस्थेत वरच्यासारखे दोन फाटे उरले असतील तर पाचातले दोन-तीन पर्याय आपोआप गळतात. तिथे खूण न करणं म्हणजे केलेली मेहनत टाकून देणं.

संग्रहाच्या रचनेबद्दल थोडं. पहिल्या दोन भागांतल्या प्रश्नांना वेळेचं बंधन दिलेलं नाही. तिसऱ्या भागापासून प्रत्येक संचाच्या डोक्यावर मिनिटं छापली आहेत. उत्तरं मागे आहेत आणि त्यांत नुसता पर्याय क्रमांक न देता कुठली अट आधी वापरली आणि का, हेही दिलं आहे. काही उत्तरांखाली दुसरी, लांबची रीतही आहे, कारण परीक्षेत जवळची रीत ऐनवेळी सुचेलच असं नाही. प्रत्येक संचात माहिती अपुरी असलेले प्रश्न मिसळले आहेत. ते कोणते, हे तिथे सांगितलेलं नाही. ठोकळे आणि घडी घातलेल्या कागदाच्या आकृत्या मात्र मी वगळल्या आहेत. ते प्रश्न छापील पानावर शिकण्यापेक्षा साबणाचं रिकामं खोकं उलगडून आणि खरा कागद घडी घालून, कात्रीने कापून लवकर कळतात, आणि त्याला पुस्तक लागत नाही.